सर्वांत जलद उताराचा वक्र हाताने कसा शोधावा: विचरण-कलनाची पहिली ओळख

एम.एस्सी.च्या वर्गात विचरण-कलन, म्हणजे आपण सगळे ज्याला कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स म्हणतो तो विषय, बहुधा फळ्यावर ऑयलरचे समीकरण लिहूनच सुरू होतो. विद्यार्थी ते पाठ करतात, पंधरा-वीस उदाहरणांत ते वापरून उत्तरे काढतात आणि परीक्षा संपली की विसरतात. हा क्रम उलटा आहे, असे माझे मत आहे. ते समीकरण हा एका कृतीचा निष्कर्ष आहे आणि ती कृती अगदी साधी आहे: एक वक्र धरावा, त्याला किंचित हलवून शेजारचा वक्र तयार करावा आणि दोघांची तुलना करावी. या विषयाच्या इतिहासात मोठमोठ्या गणितज्ञांच्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतील बहुतेक समीकरण सोडवण्यात झालेल्या नसून तुलना कोणाशी करायची हे ठरवण्यात झालेल्या आहेत. म्हणून पुढील उदाहरण सोडवताना प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न विचारत जावे. वाचकाला अवकलन, समाकलन, खंडशः समाकलन आणि आंशिक अवकलज एवढे येत असल्यास पुरे.

उदाहरण जुने आहे. एका उंच बिंदूपासून खाली आणि बाजूला असलेल्या दुसऱ्या बिंदूपर्यंत तार लावायची आहे. तारेवरून एक मणी घर्षणाशिवाय, केवळ स्वतःच्या वजनाने घसरत येणार आहे. तर त्याला कमीत कमी वेळ लागावा यासाठी तारेला कोणता आकार द्यावा? योहान बर्नुलीने हा प्रश्न जून 1696 मध्ये लाइपझिगहून निघणाऱ्या ‘आक्टा एरुडिटोरम’ या नियतकालिकात युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून मांडला आणि या वक्राला ब्रॅकिस्टोक्रोन, म्हणजे ‘अल्पतम वेळेचा’, असे ग्रीक नाव मिळाले.

आधी आकडे

सूत्राला हात लावण्यापूर्वी तीन-चार आकार घेऊन वेळ प्रत्यक्ष काढावी. दुसरा बिंदू पहिल्यापासून 1 मीटर खाली आणि 1 मीटर बाजूला आहे असे मानू आणि गुरुत्वत्वरण ग = 9.8 घेऊ. ऊर्जेच्या अक्षय्यतेमुळे य मीटर खाली आलेल्या मण्याचा वेग √(2 × ग × य) असतो, मग तो कोणत्याही वाटेने आलेला असो; सगळे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

सरळ तारेची लांबी √2 मीटर असून तिच्यावरून 0.639 सेकंद लागतात. आता तारेला एकच कोपरा द्यावा: पहिल्या बिंदूपासून 0.25 मीटर बाजूला आणि 0.6 मीटर खाली. दोन्ही तुकड्यांची लांबी अनुक्रमे 0.65 आणि 0.85 मीटर येते. सरळ तुकड्यावर त्वरण स्थिर असल्यामुळे सरासरी वेग म्हणजे दोन टोकांच्या वेगांची सरासरी. त्यावरून पहिल्या तुकड्याला 0.379 आणि दुसऱ्याला 0.216 सेकंद, म्हणजे एकूण 0.595 सेकंद लागतात. कोपऱ्यावर मण्याला धक्का बसून वेग कमी होईल ही शंका रास्त आहे, पण येथे ती बाजूला ठेवावी, कारण कोपरा हवा तितका गोलसर करता येतो. वाट लांबली, तरी वेळ वाचला. सुरुवातीलाच वेग मिळवून घेण्याचा हा लाभ आहे.

तिसरा आकार गॅलिलिओचा. 1638 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने असे दाखवले की, तळाशी संपणाऱ्या वर्तुळकंसाच्या जीवेवरून घसरण्यापेक्षा त्याच कंसात आखलेल्या दोन जीवांवरून घसरणे जलद आणि तुकडे वाढवत नेले तर त्याहूनही जलद. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की, वर्तुळकंस हाच सर्वांत जलद मार्ग. आपल्या उदाहरणात 1 मीटर त्रिज्येच्या पाव वर्तुळावरून 0.592 सेकंद लागतात, म्हणजे कोपऱ्याच्या तारेपेक्षा थोडे कमी. गॅलिलिओचे प्रत्येक विधान बरोबर होते, फक्त शेवटचे चूक. त्याने कंसाची तुलना कंसाच्याच पोटातील जीवांशी केली आणि कंसाबाहेरचे असंख्य वक्र तुलनेला आलेच नाहीत. खरे उत्तर 0.583 सेकंद आहे. फरक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी असल्यामुळे प्रयोग करून तो पकडणे त्या काळात दुरापास्तच होते.

वेळ वक्राच्या भाषेत लिहिणे

क्ष हे आडवे अंतर आणि य हे खालच्या दिशेने मोजलेले अंतर घ्यावे. खालची दिशा धन धरली की वजा चिन्हांचा त्रास वाचतो. य′ म्हणजे वक्राचा उतार. लहान तुकड्याची लांबी √(1 + य′²) गुणिले क्ष मधील लहानशी वाढ इतकी असते आणि तिला वेगाने भागले की त्या तुकड्याची वेळ मिळते. म्हणून

एकूण वेळ = ∫ √(1 + य′²) ÷ √(2 × ग × य), क्ष च्या सापेक्ष, 0 पासून 1 पर्यंत.

समाकलाच्या आतील राशीला फ म्हणू. √(2 × ग) हा स्थिर गुणक उत्तराच्या आकारावर परिणाम करत नाही, म्हणून तो सोडून फ = √(1 + य′²) ÷ √य एवढेच ठेवावे. नेहमीच्या कलनात संख्या दिली की संख्या मिळते. येथे अख्खा वक्र दिला की संख्या मिळते, हा फरक डोक्यात पक्का बसू द्यावा. त्यानंतर वहीत एक ओळ आवर्जून लिहावी: तुलनेला कोणते वक्र पात्र आहेत? आपल्या उदाहरणात दोन्ही बिंदूंतून जाणारे आणि उतार ठीकठाक बदलणारे सगळे वक्र पात्र आहेत. ही ओळ विद्यार्थी गाळतात आणि पुढे तीच नडते.

शेजारी तयार करणे

समजा, य हाच सर्वोत्तम वक्र आहे. कोणतेही एक फलन ह घ्यावे, जे दोन्ही टोकांशी शून्य आहे, आणि ल ही लहान संख्या घेऊन य + ल × ह हा शेजारचा वक्र काढावा. टोके जागची हलत नाहीत, मधला भाग हलतो. आता य आणि ह ठरलेले असल्यामुळे एकूण वेळ ही केवळ ल या संख्येवर अवलंबून राहते आणि ल = 0 असताना ती कमीत कमी असली पाहिजे. म्हणजे अनंत वक्रांचा प्रश्न अकरावी-बारावीच्या कमाल-किमान प्रश्नावर आला: ल-सापेक्ष अवकलज ल = 0 येथे शून्य.

फ चा य-सापेक्ष आंशिक अवकलज प आणि य′-सापेक्ष आंशिक अवकलज क असे लिहिले, तर ही अट ∫ (प × ह + क × ह′) = 0 अशी होते. दुसऱ्या पदातील ह′ अडचणीचा आहे, म्हणून खंडशः समाकलन करावे. टोकांशी ह शून्य असल्यामुळे बाहेर येणारे पद नाहीसे होते आणि उरते

∫ (प − क′) × ह = 0, जेथे क′ म्हणजे क चा क्ष-सापेक्ष पूर्ण अवकलज.

ही अट प्रत्येक ह साठी खरी हवी. प − क′ एखाद्या ठिकाणी धन असेल, तर तेवढ्याच जागी फुगलेला आणि इतरत्र शून्य असलेला ह निवडावा; समाकल धन येईल आणि अट मोडेल. म्हणून सर्वत्र प = क′. हेच ते ऑयलरचे समीकरण. येथे प ही आंशिक आणि क′ हा पूर्ण अवकलज आहे, हे विसरून क′ काढताना य आणि य′ यांना स्थिर मानणे ही उत्तरपत्रिकांतील सर्वांत नेहमीची चूक आहे.

ऑयलरने 1744 च्या ग्रंथात हे समीकरण असे काढले नव्हते. तो वक्राची जागा अनेक बिंदूंच्या तुटक रेषेला द्यायचा, त्यांतील एकच बिंदू वर-खाली हलवायचा आणि तुकडे बारीक करत जायचा. वर आपण एक कोपरा घेऊन जे केले, त्याच जातीची ही रीत. ती रेखाटनांवर फार अवलंबून असल्याची खंत त्याला स्वतःलाच होती. 12 ऑगस्ट 1755 रोजी तुरिनहून एका एकोणीस वर्षांच्या तरुणाने त्याला पत्र लिहिले. त्यात सगळा वक्र एकदम हलवण्याची आणि खंडशः समाकलनाने समीकरण काढण्याची रीत होती, म्हणजे वरच्या दोन परिच्छेदांत आपण जे केले ते. तो तरुण लाग्रांज. ऑयलरने चार आठवड्यांच्या आत कौतुकाने भरलेले उत्तर पाठवले, आपली जुनी रीत बाजूला ठेवून तरुणाची स्वीकारली आणि या शाखेचे नावही वक्र हलवण्याच्या त्या कृतीवरून, म्हणजे ‘विचरणा’वरूनच ठेवले. गणिताच्या इतिहासात श्रेयावरून झालेली भांडणे पुष्कळ आहेत (बर्नुली बंधूंचे तर चव्हाट्यावरच आले होते). त्यात ऑयलरचे हे वागणे उठून दिसते.

समीकरण सोडवणे

प = क′ हे सरळ सोडवायला गेल्यास दुसऱ्या कोटीचे किचकट समीकरण हाती येते. पण आपल्या फ मध्ये क्ष स्वतंत्रपणे आलेला नाही. अशा वेळी फ − य′ × क ही राशी वक्रावर सर्वत्र स्थिर राहते. ऑयलरचे समीकरण वापरून तिचा अवकलज शून्य येतो हे वाचकाने एकदा स्वतः पडताळावे. हे सूत्र आज बेल्ट्रामीच्या नावाने ओळखले जाते. येथे क = य′ ÷ (√य × √(1 + य′²)) आहे; ते घातल्यावर सगळे सुटसुटीत होऊन

य × (1 + य′²) = 2 × त्र

एवढेच उरते, जेथे त्र हा स्थिरांक आहे. आता य′ = कॉट(थ ÷ 2) असे मानावे. लगेच य = त्र × (1 − कोसाइन थ) मिळते आणि त्यावरून समाकलनाने क्ष = त्र × (थ − साइन थ). सपाट रस्त्यावर घरंगळणाऱ्या चाकाच्या कडेवरील एका ठिपक्याचा मार्ग तो हाच, म्हणजे चक्रज. फक्त येथे तो उलटा, खाली लोंबणारा आहे. त्र ही चाकाची त्रिज्या आणि थ हा चाक फिरल्याचा कोन.

टोकाची अट लावून त्र काढावा. दुसरा बिंदू (1, 1) असल्यामुळे थ − साइन थ = 1 − कोसाइन थ हवे; कॅल्क्युलेटरवर दोन-चार प्रयत्नांत थ = 2.412 आणि त्र = 0.573 मिळतात. लागणारा वेळ थ × √(त्र ÷ ग) या सूत्राने 0.583 सेकंद येतो. आपली एका कोपऱ्याची ओबडधोबड तार या उत्तरापासून केवळ दोन टक्के दूर होती. किमान मूल्याजवळ पहिल्या कोटीचा बदल शून्य असतो, त्यामुळे आकारातील लहान चूक वेळेत फारशी उतरत नाही. वक्राऐवजी ठरावीक फलनांचे मिश्रण घेऊन गुणक शोधण्याची जी रीत वॉल्टर रिट्झने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मांडली, तिचा आधारही हाच आहे.

दोन ठिकाणी सावध राहावे. सुरुवातीच्या बिंदूशी य = 0 असल्यामुळे फ अनंत होते आणि वक्राचा उतारही तेथे उभा असतो; समाकल मात्र सांत राहतो, त्यामुळे उत्तर टिकते. दुसरे असे की, य = 2 × त्र ही आडवी रेषाही वरच्या सुटसुटीत समीकरणात बसते, पण मूळ प = क′ मध्ये ती बसत नाही, कारण तिथे क′ शून्य असून प शून्य नाही. बेल्ट्रामीचे सूत्र वापरताना य′ ने गुणले जाते आणि य′ = 0 असलेली अशी खोटी उत्तरे त्यातून आत शिरतात. म्हणून उत्तर मूळ समीकरणात घालून पाहावे.

योहान बर्नुलीने मात्र यांपैकी काहीच केले नव्हते. प्रकाश कमीत कमी वेळेचा मार्ग घेतो हे फेर्माचे तत्त्व त्याला ठाऊक होते. त्याने मण्याऐवजी प्रकाशकिरण कल्पिला, खाली जाताना वेग वाढत जाईल असे पातळ थर एकावर एक रचले आणि प्रत्येक थराच्या सीमेवर अपवर्तनाचा नियम लावला. त्या नियमातून वरचेच समीकरण एका झटक्यात बाहेर येते. युक्ती मोहक आहे, पण ती अशा मोजक्याच उदाहरणांत चालते. थोरला भाऊ याकोब याची रीत रुक्ष आणि लांबलचक होती. त्याने वक्राचा एक लहान तुकडा हलवून तुलना केली, आणि पुढे ऑयलर व लाग्रांज ज्या वाटेने गेले ती हीच. आव्हानाची मुदत लायब्नित्सच्या विनंतीवरून वाढवण्यात आली होती. त्याच्याखेरीज लोपिताल आणि न्यूटन यांचीही उत्तरे आली. न्यूटनचे निनावी होते, पण योहानने ते ‘नखावरून सिंह ओळखावा’ तसे ओळखले.

आणखी एखादी अट असेल तर

कधी कधी वक्रावर जादा बंधन असते. दोन खिळ्यांना बांधलेली साखळी घ्यावी: तिचा गुरुत्वमध्य जितका खाली जाईल तितका जातो, पण तिची लांबी ठरलेली असते. येथे य वरच्या दिशेने मोजावा; ∫ य × √(1 + य′²) ची किमान किंमत हवी आणि ∫ √(1 + य′²) ही लांबी स्थिर हवी. हवा तसा ह घेतला तर लांबी बदलते आणि शेजारचा वक्र तुलनेला अपात्र ठरतो. उपाय असा की दुसऱ्या राशीला एका अज्ञात स्थिरांकाने गुणून ती पहिलीत मिळवावी, मिळालेल्या नव्या फ वर बेल्ट्रामीचे सूत्र चालवावे आणि शेवटी लांबीच्या अटीवरून तो स्थिरांक काढावा. उत्तर हायपरबॉलिक कोसाइनचे येते. साखळीचा आकार अन्वस्त नाही हे दाखवून 1691 मध्ये हायगेन्स, लायब्नित्स आणि योहान बर्नुली यांनी तो वेगवेगळ्या रीतींनी शोधला होता.

उत्तर खरोखर किमान आहे का

ऑयलरचे समीकरण एवढेच सांगते की पहिल्या कोटीचा बदल शून्य आहे. तेवढ्याने उत्तर किमान ठरत नाही. बहुतेक वह्या मात्र येथेच बंद होतात. लजांद्रने 1786 मध्ये दुसऱ्या कोटीचा बदल तपासून अट दिली की फ चा य′-सापेक्ष दुसरा अवकलज ऋण नसावा. याकोबीने 1837 मध्ये दाखवले की वक्र फार लांब झाला तरी घात होतो. पृथ्वीगोलावर बृहद्वर्तुळाने जाताना आरंभबिंदूच्या नेमक्या समोरचा बिंदू ओलांडला, की तो मार्ग सर्वांत जवळचा उरत नाही.

वायरश्ट्रासची हरकत याहून खोल आहे. आपण शेजारी तयार करताना ल लहान घेतला, तेव्हा वक्राची जागाही थोडी बदलली आणि उतारही थोडाच बदलला. जागा जवळपास तीच, पण उतार भलताच, असे करवतीच्या दात्यांसारखे शेजारी तुलनेत आलेच नाहीत. फ = य′² + य′³ घ्यावे, दोन्ही टोकांशी, म्हणजे क्ष = 0 आणि क्ष = 1 येथे, य शून्य ठेवावे. य = 0 ही रेषा ऑयलर आणि लजांद्र दोघांच्या कसोट्यांना उतरते आणि तिच्यावर समाकल शून्य आहे. आता प्रत्येक दात्याच्या नव्वद टक्के भागात उतार 2 ÷ 9 ठेवावा आणि उरलेल्या दहा टक्क्यांत −2. समाकल सुमारे −0.35 येतो. दाते शंभर केले तर त्यांची उंची केवळ 0.002 राहते आणि समाकल तेवढाच राहतो. चिकटून बसलेला शेजारी शून्याला हरवून जातो.

चक्रजाला ही भीती नाही. य = ½ × म² असे घातले, तर वेळेच्या समाकलातील राशी (स्थिर गुणक सोडून) √(1 ÷ म² + म′²) होते आणि ती म व म′ या दोन्हींत मिळून बहिर्वक्र (कॉन्व्हेक्स) आहे. बहिर्वक्र राशीच्या बाबतीत ऑयलरचे समीकरण पाळणारा वक्र जवळच्या आणि दूरच्या सर्वच पात्र वक्रांना हरवतो.

आणि कधी कधी किमान मूल्य असतच नाही. वायरश्ट्रासने 1870 मध्ये दिलेले उदाहरण असे: ∫ क्ष² × य′², क्ष −1 पासून 1 पर्यंत, टोकांशी य अनुक्रमे −1 आणि 1. शून्याच्या दोन्ही बाजूंच्या 0.1 रुंदीच्या पट्ट्यात सगळी चढण उरकली तर समाकल 0.067 येतो, पट्टा 0.01 केला तर 0.0067. शून्याच्या हवे तितके जवळ जाता येते, पण शून्य गाठायचे तर य′ सर्वत्र शून्य हवे आणि मग −1 पासून 1 पर्यंत पोहोचणार कसे?

हे सगळे डोळ्यांनी पाहायचे असल्यास घरी एक प्रयोग करावा. सारख्या मापाच्या दोन कडक बांगड्या, आतून सुमारे 6 सेंटिमीटर व्यासाच्या, घ्याव्यात; साबणाच्या दाट पाण्यात एकत्र बुडवून बाहेर काढाव्यात, मधोमध आडवा पडदा असल्यास तो बोटाने फोडावा आणि समोरासमोर समांतर ठेवून हळूहळू दूर न्याव्यात. मधला फुगा क्षेत्रफळ कमीत कमी ठेवतो. त्याची कड म्हणजे साखळीचाच वक्र, असे ऑयलरने 1744 मध्येच दाखवले होते. त्रिज्या 3 सेंटिमीटर धरल्यास बांगड्यांमधील अंतर सुमारे 3.2 सेंटिमीटर होईपर्यंत हाच आकार सर्वांत कमी क्षेत्रफळाचा असतो. त्यापुढे प्रत्येक बांगडीवर एकेक सपाट पडदा असणे क्षेत्रफळाच्या दृष्टीने अधिक परवडते, तरी फुगा टिकून राहतो, कारण लगतच्या शेजाऱ्यांमध्ये तोच किमान असतो. अंतर 4 सेंटिमीटरच्या किंचित आत पोहोचले, म्हणजे त्रिज्येच्या 1.325 पटीवर आले, की ऑयलरच्या समीकरणाला अखंड वक्राचे उत्तरच उरत नाही, आणि फुगा मधोमध आवळून फुटतो व दोन्ही बांगड्यांवर सपाट पडदे उरतात.